साध्या लॅपटॉपला दुसरा-तिसरा मॉनिटर जोडताना: अडतं नेमकं कुठे

डॉकला (एका केबलने लॅपटॉपला जास्तीची पोर्ट देणाऱ्या डब्याला) दोन एचडीएमआय पोर्ट आहेत, दोन्हींत मॉनिटर लावलेत, तरी दोन्हींवर एकच चित्र दिसतंय. किंवा एक नीट लागलाय आणि दुसरा 'नो सिग्नल' दाखवून काळाठिक्कर पडलाय. अशा वेळी बहुतेक जण आधी केबल बदलतात, मग डॉक बदलतात, मग मॉनिटरवर संशय घेतात. सुरुवातीच्या श्रेणीतल्या लॅपटॉपांत मात्र अडसर बऱ्याचदा लॅपटॉपच्याच पोटात असतो, आणि तो कितीही महागडा डॉक आणला तरी हटत नाही. म्हणून काहीही विकत घेण्याआधी क्रमाने तपासावं: आधी चिप, मग पोर्ट, मग त्या पोर्टमधून किती डेटा जातो, आणि सगळ्यात शेवटी डॉक व केबल. यातल्या ज्या टप्प्यावर सगळ्यात कमी मिळतं, तेवढंच शेवटी पदरात पडतं.

चिप किती पडदे चालवू शकते

ग्राफिक्स चिपमध्ये प्रत्येक पडद्यासाठी एक स्वतंत्र सर्किट लागतं. त्याला डिस्प्ले पाइप म्हणतात. मेमरीत तयार असलेलं चित्र सेकंदाला साठ वेळा (म्हणजे ६० हर्ट्झने) वाचायचं आणि पडद्याच्या तालात पुढे ढकलायचं, एवढंच त्याचं काम. जितके पाइप, तितकी वेगवेगळी चित्रं. हिशेब चुकतो तो इथे, की लॅपटॉपचा स्वतःचा पडदाही यातला एक पाइप अडवून बसलेला असतो.

इंटेलच्या तिसऱ्या ते दहाव्या पिढीच्या लॅपटॉप प्रोसेसरांत एका वेळी ३ पडदे चालतात, अकराव्या पिढीपासून ४. एन१०० सारख्या साध्या चिपचा आकडाही ३ आहे. म्हणजे लॅपटॉपचा पडदा धरून बाहेर २. स्वतःच्या प्रोसेसरचा आकडा इंटेलच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलच्या पानावर, ग्राफिक्सच्या भागात सरळ लिहिलेला असतो. लॅपटॉपचा पडदा बंद ठेवला तर त्याचा पाइप मोकळा होतो आणि तो बाहेरच्या मॉनिटरला मिळू शकतो. मात्र त्या मॉनिटरपर्यंत जाणारी वाट, म्हणजे पोर्ट, शिल्लक हवी.

ॲपलच्या साध्या एम मालिकेत (नावात प्रो किंवा मॅक्स नसलेल्या चिपांत) मर्यादा जास्त कडक आहे, आणि पिढीगणिक बदललेली आहे. एम१ (२०२०) आणि एम२ च्या मॅकबुक एअरला बाहेरचा एकच मॉनिटर चालतो, ६के ६० हर्ट्झपर्यंत. झाकण बंद केलं तरी दुसरा लागत नाही, कारण आतल्या पडद्याची वाट त्याच पडद्यासाठी राखून ठेवलेली आहे. तीच एम१ चिप मॅक मिनीत दोन मॉनिटर चालवते, कारण तिथे आतला पडदाच नाही. एम३ एअरमध्ये (२०२४) झाकण बंद ठेवलं तर दोन बाहेरचे मॉनिटर लागतात. साध्या एम३ च्या १४ इंची मॅकबुक प्रोला हीच सोय नंतर मॅकओएस १४.६ मध्ये मिळाली. एम४ एअरमध्ये (२०२५) झाकण उघडं ठेवूनही दोन चालतात. झाकण बंद करून काम करायचं तर चार्जर जोडलेला हवा आणि बाहेरचा कीबोर्ड-माऊसही लागतो. जुन्या एम१ किंवा एम२ वर दोन मॉनिटर हवे असतील, तर 'थंडरबोल्ट ४ डॉक' (टाइप-सीच्याच आकाराच्या वेगवान पोर्टवरचा डॉक) हा उपाय नाही. थंडरबोल्ट ४ च्या नियमात दोन ४के मॉनिटरची अट आहे खरी, पण ती लॅपटॉपने पाळायची असते. डॉकला नवे पाइप जन्माला घालता येत नाहीत.

पोर्ट: भोक तेच, आत काय ते वेगळं

चिप तीन पडदे चालवते म्हणून तीन पडदे लागतीलच असं नाही. लॅपटॉप बनवणारी कंपनी चिपमधून किती तारा बाहेर काढते, यावर ते ठरतं. साध्या मॉडेलांत पुष्कळदा एकच एचडीएमआय काढलेलं असतं, आणि टाइप-सी पोर्ट फक्त डेटासाठी असतं. अशा टाइप-सीमध्ये पेनड्राइव्ह चालतो, हबमधला (छोट्या डॉकमधला) कार्ड रीडर चालतो, हबच्या एचडीएमआयमधून मात्र काहीच येत नाही. सगळ्यात जास्त लोक फसतात ते इथे.

टाइप-सीमधून चित्र यायला 'डिस्प्लेपोर्ट ऑल्टरनेट मोड' लागतो (डिस्प्लेपोर्ट ही एचडीएमआयसारखीच चित्र पाठवण्याची पद्धत). पोर्टशेजारच्या खुणा पाहा. इंग्रजी डी आणि पी यांचं एकत्र चिन्ह असेल तर चित्र येतं. विजेचा बाण असेल तर ते बहुधा थंडरबोल्ट, तिथेही येतं. नुसतं एसएस आणि शेजारी ५ किंवा १० एवढंच असेल, तर त्यावरून फक्त डेटाचा वेग कळतो. बॅटरीची खूण म्हणजे चार्जिंग. बरीच साधी मॉडेलं खुणाच छापत नाहीत, तेव्हा मॉडेलचा पूर्ण क्रमांक घेऊन कंपनीची तांत्रिक कागदपत्रं उघडावीत. लेनोवोच्या पीएसरेफ पानांवर, लॅपटॉपचा पडदा धरून एकूण किती स्वतंत्र पडदे चालतात आणि एचडीएमआयवर कमाल रिझोल्यूशन किती, हे एका ओळीत मिळतं. इतरांच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये 'एक्स्टर्नल डिस्प्ले' किंवा 'व्हिडिओ' या शब्दांनी शोधा. विक्रीच्या पानावरचं 'यूएसबी टाइप-सी' हे वर्णन म्हणजे नुसत्या भोकाचा आकार. पुरावा म्हणून त्याचा काही उपयोग नाही.

दोन टाइप-सी असले तरी त्यातल्या एकातूनच चित्र येतं असंही असतं. काही मॉडेलांत एचडीएमआय आणि टाइप-सी आतून एकाच वाटेवर असतात. एक लावलं की दुसरं गप्प. मॅन्युअलमध्ये 'एकाच वेळी वापरता येणार नाही' अशी तळटीप असते, ती आवर्जून वाचा.

एचडीएमआयचीही गंमत आहे. साध्या लॅपटॉपांत अजूनही १.४ सापडतं. त्यावर ४के जास्तीत जास्त ३० हर्ट्झ. माऊस हलवला की पॉइंटर टप्प्याटप्प्याने सरकतो, स्क्रोल करताना ओळी अडखळतात. सिनेमा बघायला हे चालेल, दिवसभर काम करायला नाही. त्याच पोर्टवर २५६० × १४४० मात्र ६० हर्ट्झला आरामात बसतं, आणि ३४४० × १४४० चा रुंद मॉनिटरही ६० ला जेमतेम बसतो. म्हणून एचडीएमआय १.४ असलेल्या लॅपटॉपसाठी ४के मॉनिटरपेक्षा १४४० चा घेणं शहाणपणाचं. ४के ६० हर्ट्झला एचडीएमआय २.० लागतं. खोक्यावर २.१ लिहिलं असलं तरी हुरळून जाऊ नका. त्या नावाखाली २.० इतक्याच क्षमतेचं पोर्टही विकता येतं. बघायचं ते रिझोल्यूशन आणि हर्ट्झ, आवृत्तीचा आकडा नाही.

बँडविड्थचा हिशेब

बँडविड्थ म्हणजे एका वाटेतून सेकंदाला किती डेटा जाऊ शकतो ते. एकाच टाइप-सीमधून दोन मॉनिटर काढायचे असतील तर गणित करावंच लागतं. ते फार अवघड नाही. ६० हर्ट्झ आणि नेहमीचे २४ बिट रंग धरले, तर १९२० × १०८० ला सुमारे ३.३ गिगाबिट प्रतिसेकंद लागतात. २५६० × १४४० ला ५.८ आणि ४के ला १२.८.

आता वाट किती रुंद ते पाहू. टाइप-सीमध्ये वेगवान तारांच्या चार जोड्या असतात. हबमध्ये यूएसबी ३ पोर्टही असतील तर दोन जोड्या डेटाकडे जातात, चित्रासाठी दोनच उरतात. लॅपटॉपचं डिस्प्लेपोर्ट १.२ असेल तर या दोन जोड्यांतून ८.६४ गिगाबिट मिळतात, १.४ असेल तर १२.९६. हे दोनच आकडे लक्षात ठेवले की बऱ्याच तक्रारींचा उलगडा होतो:

१.२ च्या लॅपटॉपवर असा हब ४के ला ३० हर्ट्झच का देतो? कारण १२.८ हे ८.६४ मध्ये मावत नाहीत. तोच हब १.४ च्या लॅपटॉपवर ६० का देतो? कारण १२.९६ मध्ये ते कसेबसे मावतात. दोन १०८० मॉनिटर मिळून ६.६ होतात, ते १.२ वरही चालतात. एक १४४० आणि एक १०८० घेतले तर बेरीज ९.१, म्हणजे थोडक्यात हुकतं. मग १४४० वाला मॉनिटर खालच्या रिझोल्यूशनवर अडकतो किंवा दुसरा लागतच नाही. इथे १४४० वाला थेट लॅपटॉपच्या एचडीएमआयला लावा आणि हबवर फक्त १०८० ठेवा. प्रश्न सुटतो, खर्च शून्य.

ज्या हबमधले यूएसबी पोर्ट २.० चे असतात, तिथे चारही जोड्या चित्राला मिळतात आणि १.२ च्या लॅपटॉपवरही ४के ६० येतं. काही डॉकमध्ये यासाठी बटण किंवा सेटिंग असतं, 'हाय रिझोल्यूशन' की 'हाय डेटा स्पीड' असं. बाह्य डिस्कवर जड कामं नसतील तर पहिलं निवडा.

एका टाइप-सीमधून दोन वेगळी चित्रं काढणाऱ्या तंत्राला एमएसटी म्हणतात. विंडोज, लिनक्स आणि क्रोमओएसवर ते चालतं. मॅकओएस एमएसटीने पडदा वाढवू देत नाही. मॅकला असा डॉक जोडला की दोन्ही मॉनिटरवर तेच चित्र दिसतं. लेखाच्या सुरुवातीची तक्रार बहुतेक वेळा हीच असते. आणि एचडीएमआय स्प्लिटर? तो फक्त नक्कल करतो, कुठल्याही लॅपटॉपवर, कायम.

तपासणी प्रत्यक्ष कशी करायची

विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले इथे जा. वरच्या चित्रात किती चौकोन दिसतात ते मोजा. बाहेरचे तीन मॉनिटर जोडलेत आणि लॅपटॉपचा धरून चौकोन चार दिसतात, पण तिसऱ्या मॉनिटरचा फिकट आहे आणि 'एक्स्टेंड' निवडलं की सेव्ह होत नाही, तर पोर्ट आणि केबल ठीक आहेत. पाइप संपलेत किंवा बँडविड्थ कमी पडतेय. पक्कं करायला लॅपटॉपचा स्वतःचा पडदा 'डिस्कनेक्ट' करा. लगेच तिसरा लागला तर पाइपचाच प्रश्न. तरीही लागला नाही, तर बाकीच्या दोन मॉनिटरचं रिझोल्यूशन १२८० × ७२० वर आणून पाहा. आता लागला तर बँडविड्थ. या दोन चाचण्यांना पाच मिनिटं लागतात.

चौकोनच दिसत नसेल तर 'मल्टिपल डिस्प्लेज' उघडून 'डिटेक्ट' दाबा. तरीही नाही, तर पोर्टमधून चित्र येत नाही किंवा केबल चुकीची आहे. टाइप-सी पोर्टमध्ये किंवा केबलमध्ये चित्राची सोय नसली तर कधीकधी विंडोज स्वतःच, डिस्प्लेचं कनेक्शन मर्यादित असू शकतं, असा संदेश दाखवतं. केबल बदलूनही तो येत राहिला तर डॉक परत करायला हरकत नाही.

मग 'ॲडव्हान्स्ड डिस्प्ले' उघडा. तिथे प्रत्येक मॉनिटरचा रिफ्रेश रेट आणि रंगाचा प्रकार दिसतो. ४के ला ३० दिसत असेल तर यादीत ६० आहे का पाहा. विंडोज कधीकधी स्वतःहून खालचा आकडा धरून बसतं. रंगाच्या जागी आरजीबी (पूर्ण रंग) हवं. तिथे ४:२:० लिहिलेलं असेल तर ६० हर्ट्झ बसवण्यासाठी रंगाचे बारकावे कापलेले आहेत. रंगीत पार्श्वभूमीवरची बारीक अक्षरं पाहा, लाल शब्दांच्या कडा फिसकटलेल्या दिसतील. मॉनिटर खराब नाही, वाट अरुंद आहे.

मॅकवर सिस्टिम सेटिंग्जमध्ये 'डिस्प्लेज' उघडून ऑप्शन कळ दाबून धरली की 'डिटेक्ट डिस्प्लेज' बटण दिसतं.

आणखी एक, मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूत एकदा डोकावा. काही ४के मॉनिटर कारखान्यातून एचडीएमआय १.४ किंवा डिस्प्लेपोर्ट १.१ वर ठेवून येतात. तिथे २.० किंवा १.२ निवडलं नाही तोवर लॅपटॉपला ६० हर्ट्झचा पर्यायच दिसत नाही.

केबल, अडॅप्टर, वीज

फोनच्या चार्जरबरोबर आलेली टाइप-सी केबल मॉनिटरला लावू नका. तिच्यात बहुधा यूएसबी २.० च्याच तारा असतात, वेगवान जोड्या नसतातच. चार्जिंग होईल, चित्र येणार नाही. मॉनिटरबरोबर आलेली केबल वापरा, किंवा १० गिगाबिटची स्पष्ट नोंद असलेली, एक मीटरच्या आतली घ्या.

अडॅप्टरला दिशा असते. डिस्प्लेपोर्टकडून एचडीएमआयकडे जाणारी साधी केबल लॅपटॉपच्या एचडीएमआयमधून डिस्प्लेपोर्ट मॉनिटरला लावली तर चालत नाही. त्या दिशेला वेगळा सक्रिय कन्व्हर्टर लागतो, आणि त्याला बहुधा यूएसबीतून वीज द्यावी लागते.

विजेमुळे होणारा घोटाळा ओळखायला अवघड, कारण तो अधूनमधून होतो. टाइप-सीवर चालणारा पोर्टेबल मॉनिटर ८ ते १० वॅट घेतो. साध्या लॅपटॉपचं पोर्ट कधी १५ वॅट देतं, कधी ७.५, कधी त्याहूनही कमी. मग मॉनिटर सुरू होतो, पण ब्राइटनेस अर्ध्याच्या वर नेला की पडदा काळा होतो, लोगो दिसतो, पुन्हा चालू, पुन्हा काळा. अशा मॉनिटरच्या दुसऱ्या टाइप-सी पोर्टला वेगळा चार्जर जोडा. हबचंही तसंच. चार्जर थेट लॅपटॉपला न लावता हबच्या चार्जिंग पोर्टमधून दिला तर बरेच लुकलुकणारे मॉनिटर शांत होतात.

पाइप नाही, पोर्ट नाही, तरी मॉनिटर हवाच असेल तर

मग उरतो डिस्प्लेलिंकचा मार्ग. यात चित्र ग्राफिक्सच्या पाइपमधून जातच नाही. ड्रायव्हर ते प्रोसेसरवर आकसून यूएसबीचा डेटा म्हणून पाठवतो आणि डॉकमधली चिप ते उलगडून मॉनिटरला देते. म्हणून ते डेटापुरत्या टाइप-सीवर चालतं, जुन्या चौकोनी यूएसबी ३ पोर्टवरही चालतं, आणि एम१-एम२ मॅकबुक एअरवर दुसरा मॉनिटर लावायचा हा व्यवहार्य उपाय आहे. घेताना खोक्यावर 'डिस्प्लेलिंक' हा शब्द हवा. नुसतं 'ड्युअल एचडीएमआय' म्हणजे बहुधा एमएसटी. दोन ४के ६० हर्ट्झसाठी डीएल-६९५० चिप शोधा. एक किंवा दोन १०८० साठी जुनी डीएल-३९०० पुरते.

मॅकवर ड्रायव्हर टाकल्यावर 'स्क्रीन रेकॉर्डिंग'ची परवानगी द्यावीच लागते. ती दिली नाही तर मॉनिटर काळाच राहतो. परवानगीचं नाव ऐकून दचकायला नको, पडद्याचं चित्र वाचल्याशिवाय ड्रायव्हर ते पाठवणार कसं?

याचे तोटेही नीट माहीत असावेत. कॉपी-संरक्षण असलेले व्हिडिओ मॅकवर अशा मॉनिटरवर काळे दिसतात. बायॉसचा पडदा (विंडोज सुरू होण्याआधीचा सेटिंगचा) त्यावर उमटत नाही, कारण तेव्हा ड्रायव्हरच चालू झालेला नसतो. चित्र आकसण्याचं काम प्रोसेसर करत असल्यामुळे दोन कोअरच्या साध्या चिपवर त्या मॉनिटरवर पूर्ण पडदाभर व्हिडिओ लावला की पंखा घोंगावू लागतो. मजकूर, तक्ते, ईमेल यांना काही अडचण नाही, कारण पडद्याचा जेवढा भाग बदलतो तेवढाच पाठवला जातो. म्हणून विभागणी अशी ठेवा: व्हिडिओ, गेम, फोटोचं काम थेट एचडीएमआयच्या मॉनिटरवर. चॅट, कॅलेंडर, संदर्भाची कागदपत्रं डिस्प्लेलिंकवाल्यावर.

मेमरीचाही एक पैलू आहे. साध्या लॅपटॉपात ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅममधूनच चित्र वाचतं. ४के ६० हर्ट्झचा एक पडदा नुसता उजळ ठेवायला सेकंदाला सुमारे २ गिगाबाइट वाचावे लागतात. एकच डीडीआर४-२६६६ पट्टी असेल तर एकूण क्षमता २१ गिगाबाइटच्या आसपास, आणि तीही प्रोसेसरबरोबर वाटून घ्यायची. दुसरा खाच रिकामा असेल तर त्याच क्षमतेची दुसरी पट्टी टाका. मॉनिटर जोडल्यावर खिडक्या ओढताना येणारा जडपणा त्याने बराच कमी होतो. रॅम मदरबोर्डवर झाळलेली असेल आणि खाचही नसेल, तर दोन ४के च्या नादाला न लागता दोन १४४० वर थांबावं.

सगळं जमल्यावर झोपेतून उठताना एखादा मॉनिटर हरवतो, विशेषतः एमएसटी डॉकवर. आधी डॉकचं फर्मवेअर (त्याच्या आतलं सॉफ्टवेअर) अद्ययावत करा. तेवढ्याने भागलं नाही तर मॉनिटरच्या मेनूतली 'डीप स्लीप' किंवा 'ऑटो इनपुट' बंद करा. गाढ झोपेत गेलेला मॉनिटर लॅपटॉपला 'काढून टाकला' असाच दिसतो, आणि उठेपर्यंत खिडक्या दुसऱ्या पडद्यावर जाऊन बसलेल्या असतात. आत्तापुरतं भागवायचं असेल तर डॉकची टाइप-सी काढून दहा सेकंदांनी परत लावा, मॉनिटरची वीज बंद करू नका.